अरण्यात जिंकलेला, आप्तांत हरलेला

संगणकावर प्राचीन युद्धांचे खेळ खेळणाऱ्या मुलांना एक युक्ती फार लवकर उमगते. आपले सैन्य थोडे आणि हलके असेल, समोरचे जड चिलखतातले आणि शिस्तबद्ध असेल, तर त्याच्याशी मैदानात भिडायचे नाही. आपल्या तुकड्या झाडीत दडवायच्या आणि शत्रू हाताशी येईपर्यंत हालचाल करायची नाही. २००४ साली आलेल्या 'रोम : टोटल वॉर' या खेळाच्या नियमांतच ही युक्ती गुंफलेली आहे. रानात लपलेली तुकडी शत्रू जवळ येईपर्यंत त्याला दिसत नाही, घोडदळाचा जोर झाडांमध्ये ओसरतो, लांब भाल्यांची फळी विस्कळीत होते. याच मालिकेतील २०१३ सालच्या 'रोम २' या खेळात तर ट्यूटोबर्गच्या अरण्यातील लढाईच खेळायला मिळते.

ही लढाई इ.स. ९ मध्ये खरोखर झाली. रोमन साम्राज्याची तीन लीजन, म्हणजे तीन मोठी पायदळे, जर्मनीच्या रानात तीन-चार दिवसांत नाहीशी झाली. हे घडवून आणणारा पुरुष आर्मिनियस. त्या वेळी त्याचे वय २५ च्या आसपास होते. खेळ लढाईपाशी संपतो. आर्मिनियसचे आयुष्य मात्र पुढे १२ वर्षे चालले. अरण्य सेनापतीला काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, याचे उत्तर त्या १२ वर्षांत आहे.

आर्मिनियसविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते जवळजवळ सारे त्याच्या शत्रुपक्षाने लिहून ठेवलेले आहे. त्याचा समकालीन वेलेयस पाटर्क्युलस हा स्वतः जर्मनीत सैनिकी सेवा बजावलेला अधिकारी होता. टॅसिटसने सुमारे शंभर वर्षांनी, तर कॅसियस डायोने सुमारे दोनशे वर्षांनी लिहिले. आर्मिनियसने स्वतः एक ओळही मागे ठेवलेली नाही. त्याचे मूळ जर्मन नावही कोणास ठाऊक नाही. पुढे रूढ झालेले 'हर्मान' हे नाव सोळाव्या शतकातील जर्मन विद्वानांनी त्याला बहाल केले.

आजच्या वायव्य जर्मनीत वेझर नदीच्या परिसरात चेरुस्की नावाची जमात राहत असे. इ.स.पूर्व १८ च्या सुमारास त्या जमातीतील सेगिमेर या सरदाराच्या घरी आर्मिनियसचा जन्म झाला. तो लहान असतानाच रोमन फौजा ऱ्हाईन नदी ओलांडून आल्या. सम्राट ऑगस्टसचा सावत्र मुलगा ड्रुसस इ.स.पूर्व ९ मध्ये एल्ब नदीपर्यंत पोहोचला. एकेक जमात मांडलिक झाली आणि सरदारांची मुले रोमच्या चाकरीत शिरली. आर्मिनियस आणि त्याचा भाऊ फ्लावस हे दोघेही त्यांपैकीच. फ्लावस हे नावही रोमनच; त्याचा अर्थ पिंगट केसांचा.

आर्मिनियस रोमन सैन्यात आपल्या जमातीच्या पथकाचे नेतृत्व करू लागला. त्याला रोमचे नागरिकत्व मिळाले, अश्वारोही सरदाराचा दर्जाही मिळाला. तो लॅटिन बोलू लागला. पण या चाकरीत त्याने मिळवलेली सर्वात मोलाची गोष्ट वेगळीच होती. रोमन सैन्य आतून कसे चालते, हे त्याने पाहिले. दिवसभराच्या कूचनंतर दर संध्याकाळी खंदक खणून छावणी कशी उभारली जाते, कूच करताना आघाडीला कोण, मध्ये सामानाचे तांडे कुठे आणि पिछाडीला कोण, हुकूम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कसा पोहोचतो, हे सारे त्याला माहीत झाले. रोमन लीजन मैदानात अजिंक्य का, हे त्याला समजले होते. तेच लीजन कोणत्या क्षणी दुबळे असते, हेही त्यातूनच समजले.

इ.स. ७ च्या सुमारास क्विंक्टिलियस व्हारस जर्मनीचा कारभारी म्हणून आला. पुढच्या काळात त्याला मूर्ख ठरवण्यात आले. पराभूत सेनापतीच्या वाट्याला हे येतेच. वस्तुतः तो अनुभवी माणूस होता. सीरियाचा प्रांताधिकारी असताना इ.स.पूर्व ४ मध्ये त्याने ज्यूंचे बंड कठोरपणे मोडून काढले होते. जर्मनीत त्याची चूक झाली ती वेगळ्या ठिकाणी. हा प्रदेश जिंकून झाला आहे, आता येथे न्यायदान करायचे आणि कर गोळा करायचे, अशा समजुतीने तो वागू लागला. फौजेची शिबंदी त्याने ठिकठिकाणी वाटून टाकली. वेझरकाठच्या उन्हाळी छावणीत जर्मन सरदार आपले तंटे त्याच्यापुढे घेऊन येत आणि निकालाबद्दल आभार मानीत. आर्मिनियस आणि त्याचा बाप हे त्याच्या पंगतीचे पाहुणे होते.

इ.स. ९ च्या शरद ऋतूच्या तोंडावर दूरच्या एका जमातीने बंड केल्याची वार्ता आली. व्हारस तीन लीजन, घोडदळाची तीन पथके, साहाय्यक पायदळाच्या सहा तुकड्या आणि त्यांच्यामागे बायका-मुले, नोकरचाकर, गाड्या अशा बाजारबुणग्यांसह निघाला. नुसते लढणारे मोजले तरी १५ ते २० हजार माणसे होती. निघण्यापूर्वी सेगेस्टिस या चेरुस्की सरदारानेच त्याला सावध केले. आर्मिनियसचा कट शिजला आहे, त्याच्यासह आम्हा साऱ्यांनाच कैद करा म्हणजे खरे-खोटे कळेल, असे त्याने परोपरीने सांगितले. परंतु सेगेस्टिस आणि आर्मिनियस यांचे वैर सर्वश्रुत होते. घरगुती भांडणातून आलेली चहाडी म्हणून व्हारसने ती उडवून लावली. आर्मिनियसने काही अंतर सोबत केली, मित्रपथके गोळा करून आणतो असे सांगितले आणि तो निघून गेला.

आता अरण्यातील त्या युक्तीकडे पाहिले पाहिजे. रोमन सैनिकाचे बळ एकट्याच्या अंगात नव्हते. शेजारच्या ढालीला ढाल लावून उभ्या राहिलेल्या रांगेत होते. ती रांग मांडायला मोकळी जागा लागते आणि थोडा वेळ लागतो. चिंचोळ्या वाटेवर, दुतर्फा झाडी आणि पायाखाली चिखल असताना हीच फौज कित्येक किलोमीटर लांब अशा एका बारीक दोरीसारखी पसरते. आघाडीला काय घडते आहे ते पिछाडीला कळत नाही आणि मध्ये गाड्या अडकून पडतात. आर्मिनियसने रोमन सैन्याशी लढाई केलीच नाही, असे म्हटले तरी चालेल. त्याने त्याला सैन्य होऊच दिले नाही. अरण्य हे केवळ त्याचे लपण्याचे ठिकाण नव्हते. शत्रूची रांग मोडणारे ते त्याचे पहिले हत्यार होते.

डायोच्या वर्णनानुसार त्या दिवसांत वादळ उठले होते. जमीन निसरडी झाली होती, फांद्या मोडून पडत होत्या. जर्मन योद्धे प्रथम दुरून भाले फेकीत आणि प्रतिकार होत नाही असे दिसताच जवळ येत. पहिल्या रात्री रोमनांनी छावणी उभारली आणि बहुतेक गाड्या जाळून टाकल्या. दुसऱ्या दिवशी ते काहीशा शिस्तीने मोकळ्या जागेपर्यंत आले, पण पुढे पुन्हा रानच होते. तेथे पायदळ आणि घोडदळ एकमेकांवर आदळू लागले. मग पुन्हा पाऊस आला. ढाली भिजून जड झाल्या, धनुष्ये निकामी झाली. हलक्या शस्त्रांच्या जर्मनांना या पावसाचा फारसा उपद्रव नव्हता. शिवाय विजयाची चिन्हे दिसताच लुटीच्या आशेने त्यांची संख्या वाढत गेली. घोडदळाचा अधिकारी नुमोनियस वाला पायदळाला सोडून ऱ्हाईनच्या दिशेने निघाला. तोही वाचला नाही. व्हारसने आपल्याच तलवारीवर देह टाकला. सतरावे, अठरावे आणि एकोणिसावे ही तिन्ही लीजन संपली. हे तीन क्रमांक रोमने पुन्हा कधीही कोणत्याही लीजनला दिले नाहीत.

ही जागा नेमकी कोठे, याचा शोध अनेक शतके चालला होता. प्रसिद्ध इतिहासकार थिओडोर मोम्सेन यांनी सापडलेल्या नाण्यांवरून १८८५ साली ओस्नाब्रुकच्या उत्तरेकडील काल्क्रीझे या परिसराकडे बोट दाखवले होते. १९८७ साली टोनी क्लन या हौशी ब्रिटिश सेनाधिकाऱ्याला तेथे रोमन चांदीची नाणी मिळाली, पाठोपाठ गोफणीच्या शिशाच्या गोळ्या मिळाल्या आणि उत्खनन सुरू झाले. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला विस्तीर्ण दलदल आणि मधून जाणारी कोरड्या जमिनीची अरुंद पट्टी, अशी ही जागा आहे. एखाद्या रोमन अधिकाऱ्याचा चांदीचा मुलामा असलेला मुखवटा तेथे सापडला, व्हारसच्या नावाचा ठसा मारलेली नाणी सापडली. एका खेचराच्या गळ्यातील घंटेत गवत कोंबलेले आढळले. ती वाजू नये म्हणून कोणा घाबरलेल्या माणसाने ते कोंबले असावे. हीच ती जागा, याविषयी सर्व अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र २०२२ साली जाहीर झालेल्या धातूंच्या रासायनिक तपासणीत येथील वस्तूंचे एकोणिसाव्या लीजनच्या वस्तूंशी साम्य आढळले आहे.

विजयानंतर आर्मिनियसने एक राजकीय डाव टाकला. जर्मनीतील दुसरा बलाढ्य पुरुष म्हणजे आजच्या बोहेमियात राज्य करणारा मार्कोमानी जमातीचा राजा मारोबोडुअस. त्याच्याकडे त्याने व्हारसचे शिर पाठवले. दोघांनी मिळून रोमवर उठावे, असा त्यामागील हेतू उघड होता. मारोबोडुअसने ते शिर रोमला धाडून दिले आणि ऑगस्टसने त्यावर सन्मानाने अंत्यसंस्कार केले. वृद्ध सम्राटाने शोकात कित्येक महिने केस-दाढी कापली नाही, असे सांगतात. जर्मन टोळ्या एक होणार नाहीत, हे मात्र त्या परत आलेल्या शिराने त्याच वेळी दाखवून दिले होते.

आर्मिनियसच्या घरात तर दोन पक्ष पडलेलेच होते. भाऊ फ्लावस रोमच्या बाजूला राहिला. सेगेस्टिसची मुलगी थुस्नेल्डा हिचा विवाह बापाने दुसरीकडे ठरवला होता. तिला आर्मिनियसने पळवून आणून पत्नी केले. इ.स. १५ मध्ये जर्मानिकसच्या नेतृत्वाखाली रोमन फौजा परत आल्या, तेव्हा सेगेस्टिस त्यांच्या आश्रयाला गेला आणि त्याच्यासोबत असलेली गर्भवती थुस्नेल्डा रोमनांच्या हाती पडली. टॅसिटसने तिचे जे चित्र काढले आहे, त्यात ती रडत नाही, याचनाही करीत नाही. आर्मिनियसने तिला पुन्हा कधीच पाहिले नाही.

त्याच वर्षी जर्मानिकस ट्यूटोबर्गच्या रणभूमीवर गेला. सहा वर्षे उघड्यावर पडलेली हाडे त्याच्या सैनिकांनी गोळा करून पुरली. ही हाडे आपल्या माणसाची की परक्याची, हे कोणाला ओळखता येत नव्हते. काल्क्रीझे येथे हाडांनी भरलेले खड्डे सापडले आहेत आणि ती हाडे पुरण्यापूर्वी दीर्घकाळ उघड्यावर होती, असे तपासणीत दिसते.

या मोहिमेतून परतताना सेकिना या जुन्याजाणत्या सेनापतीची चार लीजन दलदलीतील लाकडी वाटेवर अडकली. आर्मिनियसला व्हारसचा प्रसंग पुन्हा उभा करता आला असता आणि पहिल्या दोन दिवसांत तो जवळजवळ उभा राहिलाही. पण त्याचे लोक सामानाच्या लुटीत गुंतले आणि रोमन कोरड्या जमिनीवर पोहोचून छावणी करून बसले. शत्रूला छावणीतून बाहेर पडू द्यावे, चिखलात जाऊ द्यावे आणि मग घाव घालावा, असा आर्मिनियसचा सल्ला होता. त्याचा चुलता इंग्विओमेर याने छावणीवरच हल्ला करण्याचा आग्रह धरला. तो इतरांना पटला, कारण त्यात लूट सुरक्षित मिळणार होती. रोमनांना आपल्या आवडीचीच लढाई मिळाली. त्यांनी दरवाजातून मुसंडी मारली आणि हल्लेखोरांची दाणादाण उडवली. अरण्ययुद्धातील सर्वात अवघड गोष्ट म्हणजे वाट पाहणे. ती एकट्या सेनापतीला जमून भागत नाही. प्रत्येक योद्ध्याला जमावी लागते.

इ.स. १६ मध्ये वेझरच्या दोन काठांवर दोन सैन्ये उभी राहिली. आर्मिनियसने आपल्या भावाशी बोलण्याची परवानगी मागितली. रोमच्या सेवेत एक डोळा गमावलेला फ्लावस नदीकाठी आला. एकाने रोमचे वैभव, मिळालेली मानचिन्हे आणि पगार सांगितला. दुसऱ्याने मायभूमी, कुलदैवते आणि आईची विनवणी सांगितली. बोलणे शिव्याशापांवर आले, आणि मध्ये नदी नसती तर दोघे भाऊ तेथेच एकमेकांवर धावून गेले असते.

त्यानंतर इडिस्टाविसोच्या सपाटीवर झालेल्या लढाईत आर्मिनियस हरला. तो जखमी झाला आणि ओळखू येऊ नये म्हणून आपलेच रक्त तोंडाला फासून निसटला. लगेच दुसरी लढाई झाली ती रान आणि दलदल यांच्या मधोमध, अंग्रिव्हारी जमातीच्या बांधाजवळ. ही जागा जर्मनांनी स्वतः निवडली होती. तरीही ते हरले. कारण गर्दी इतकी दाटली की त्यांना आपले लांब भाले पुढे काढता-मागे घेता येईनात. छातीशी ढाल धरलेल्या रोमन सैनिकाची आखूड तलवार मात्र त्या दाटीत सहज चालली. जे अरण्य इ.स. ९ मध्ये रोमनांच्या गळ्याचा फास झाले होते, तेच सात वर्षांनी जर्मनांच्या गळ्याभोवती आले. झाडी कोणाचीच पक्षपाती नसते. तिच्यात गर्दी करून जो उभा राहील त्याला ती गिळते.

लढाया जिंकूनही रोमने मोहीम थांबवली. सम्राट टायबेरियसला हा खर्च परवडणारा वाटेना. जर्मनांना त्यांच्या आपापसांतील भांडणांवर सोडून द्यावे, हे धोरण त्याने स्वीकारले आणि ऱ्हाईन हीच साम्राज्याची सरहद्द राहिली. आर्मिनियसचा खरा विजय हा होता. परंतु त्याची किंमत २६ मे, इ.स. १७ रोजी रोमच्या रस्त्यांवर दिसली. जर्मानिकसच्या विजययात्रेत थुस्नेल्डा आणि बंदिवासात जन्मलेला तिचा मुलगा थुमेलिकस यांना मिरवण्यात आले. सन्मानाने बसवलेला सेगेस्टिस आपल्या लेकीची आणि नातवाची ही धिंड पाहत होता. आर्मिनियसने आपल्या मुलाचे तोंडही पाहिले नव्हते. हा मुलगा रॅवेना येथे वाढला. त्याचे पुढे काय झाले ते योग्य ठिकाणी सांगू, असे टॅसिटस कळवतो. पण त्याच्या ग्रंथाचा तो भाग काळाच्या ओघात हरवला आहे.

टायबेरियसचा अंदाज खरा ठरला. त्याच वर्षी आर्मिनियस आणि मारोबोडुअस यांच्यात युद्ध पेटले. चुलता इंग्विओमेर पुतण्याच्या हाताखाली राहायला तयार नव्हता. तो मारोबोडुअसला जाऊन मिळाला. ही लढाई उघड्यावर झाली. दोन्हीकडचे जर्मन आता रोमनांप्रमाणे निशाणाभोवती रांगा धरून, राखीव तुकड्या ठेवून लढले. मारोबोडुअस मागे हटला आणि पुढे राज्य गमावून रोमच्याच आश्रयाला गेला. आता आर्मिनियसला जर्मनीत तुल्यबळ असा कोणी उरला नाही.

तेच त्याच्या मुळावर आले. इ.स. १९ मध्ये चाट्टी जमातीच्या एका सरदाराने रोमला पत्र लिहून आर्मिनियसला विष घालण्याची तयारी दाखवली. टायबेरियसने ती नाकारली. पण रोमने नाकारलेले काम घरच्यांनी पार पाडले. आर्मिनियस राजा होऊ पाहतो आहे, असा बोभाटा झाला. राजा न मानणाऱ्या जमातीत हा सर्वात मोठा अपराध होता. काही काळ यादवी चालली आणि इ.स. २१ च्या सुमारास त्याच्या आप्तांनीच दगा देऊन त्याचा घात केला. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. व्हारसने त्याच्यावर विश्वास ठेवला आणि तो मेला. आर्मिनियसचा अंतही विश्वासातल्या माणसांकडूनच झाला. टॅसिटसने त्याला जर्मनीचा निःसंशय मुक्तिदाता म्हटले आहे. हा सन्मान शत्रुपक्षाच्या इतिहासकाराने दिलेला आहे, हे विशेष.

पुढची अनेक शतके तो विस्मृतीत गेला. टॅसिटसचा ग्रंथ १५१५ साली छापला गेला आणि जर्मनांना आपला हा पूर्वज पुन्हा सापडला. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रवादाने त्याला आपल्या खांद्यावर घेतले. डेटमोल्डजवळच्या टेकडीवर एर्न्स्ट फॉन बांडेल या शिल्पकाराने १८३८ साली सुरू केलेले, सुमारे ५३ मीटर उंचीचे त्याचे स्मारक १८७५ साली, जर्मनीच्या एकीकरणानंतर चार वर्षांनी, पुरे झाले. तलवार उंचावून उभा असलेला हा पुतळा काल्क्रीझेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर आहे. जमातींना कधीही एक करू न शकलेल्या माणसाला एकतेचे प्रतीक करण्यात आले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच कारणाने जर्मन लोक त्याच्याविषयी बोलताना संकोचू लागले. २००९ साली लढाईला २,००० वर्षे झाली, तेव्हा भव्य प्रदर्शने भरली, पण त्यांचा सूर अभ्यासाचा होता, जयजयकाराचा नव्हता.

चेरुस्कींची कथा मात्र आर्मिनियसबरोबर संपली नाही. आपापसांत लढून त्यांचे बहुतेक सरदार मारले गेले. इ.स. ४७ मध्ये या जमातीने राजा मागण्यासाठी आपले दूत पाठवले, ते रोमलाच. सरदारांच्या त्या घराण्यात आता एकच वारस उरला होता. तो रोममध्ये वाढलेला होता आणि त्याचे नाव इटालिकस होते. नदीपलीकडे उभ्या राहिलेल्या एकाक्ष फ्लावसचा तो मुलगा.